घरगुती बिअरची भरवशाची कृती

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. घरी बिअर करण्याचे साहित्य आणले आहे. पण पेल एल या फिकट रंगाच्या बिअरच्या जितक्या कृती पाहाव्यात, तितकी प्रमाणे निराळी. कोणत्या कृतीवर भरवसा ठेवावा? पुण्यातील भावालाही ती करून पाहायची आहे.

उत्तर : कृती कोणाची आहे यापेक्षा ती पडताळता येते का, हे आधी पाहावे. तयार होणाऱ्या बिअरचे माप, आंबण्यापूर्वीची आणि नंतरची घनता (पाण्याची १.००० धरून), यीस्टचा नेमका प्रकार आणि आंबवण्याचे तापमान ज्या कृतीत नाही, ती माझ्या मते बाजूलाच ठेवावी. समजा, ५ किलो पेल माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून, २० लिटर वर्ट, म्हणजे आंबवण्यापूर्वीचे गोड पाणी, करायचे आहे आणि माल्टमधून मिळू शकणाऱ्या साखरेपैकी तीन-चतुर्थांश उतरते, तर आरंभीची घनता १.०५६च्या आसपास येते. कृतीत तेथे १.०८० छापले असेल, तर ती कोणी प्रत्यक्ष करून पाहिलेली नाही, असे खुशाल समजावे. बिअरला कडूपणा देणाऱ्या हॉप्स या फुलांचे नुसते वजनही पुरेसे नाही, कारण कॅस्केड या जातीत कडूपणा आणणारे अल्फा आम्ल साधारण ५ ते ७ टक्के, तर मॅग्नममध्ये १२ ते १४ टक्के असते आणि त्याच वजनात कडूपणा जवळपास दुप्पट होतो.

‘सातव्या दिवशी बाटल्या भरा’ असे सरसकट सांगणाऱ्या कृतीपासून मात्र खरोखरच सावध राहावे. हायड्रोमीटर या घनता मोजण्याच्या उपकरणावरील आकडा दोन-तीन दिवस स्थिर राहिल्याशिवाय बाटल्या भरल्या, तर उरलेली साखर आतच आंबत राहते आणि वायूच्या दाबाने काच फुटून गंभीर इजा होऊ शकते.

आरंभासाठी अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशनच्या राष्ट्रीय स्पर्धेतील विजेत्या कृती पाहाव्यात. ब्रूडॉग या स्कॉटिश कंपनीनेही २०१६ साली आपल्या कृती २० लिटरच्या मापात सर्वांसाठी खुल्या केल्या. निवडलेली कृती पहिल्या खेपेस काहीही न बदलता करावी, म्हणजे चव बिघडल्यास कारण शोधता येते.

अमेरिकेत १९७८च्या संघीय कायद्याने दोन प्रौढांच्या घरात वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर स्वतःपुरती, विक्रीसाठी नव्हे, करमुक्त करता येते. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय ती घरी करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे भावाने हा प्रयोग पुण्यात करू नये, तुमच्याकडे आल्यावर तुमच्यासोबत करावा.