इस्लाम स्लिमानीने इतके क्लब का बदलले? तो फ्लॉप होता का?

तुम्ही विचारलंय की लीस्टर या इंग्लिश क्लबने आपल्या तोवरच्या इतिहासातली सर्वात मोठी रक्कम मोजून घेतलेला हा अल्जेरियन स्ट्रायकर नंतर दर सहा-आठ महिन्यांनी नव्या जर्सीत का दिसायचा, आणि याला फ्लॉप म्हणायचं का. लीस्टरचा सौदा फसला, यात वादच नाही. पण त्या एका सौद्यावरून अख्खा माणूस जोखायला मी तयार नाही. कारण सांगतो, जरा मागे जावं लागेल.

स्लिमानीचा जन्म १९८८ चा, अल्जियर्सचा. २०१४ च्या वर्ल्ड कपला गेलेल्या अल्जेरियाच्या संघात बहुतेक पोरं फ्रान्समध्ये जन्मलेली होती. महरेझ पॅरिसजवळच्या सार्सेलचा, ब्राहिमी खुद्द पॅरिसचा. फ्रेंच क्लबांच्या तालमीत घडलेली, पायात चेंडू चिकटून राहणारी पोरं. स्लिमानी मात्र पक्का घरचा. शेरागा नावाच्या खालच्या डिव्हिजनमधल्या क्लबकडून खेळला, तिथून अल्जियर्सच्याच सीआर बेलुइझदादमध्ये आला. देशातली लीग व्यावसायिक झाली तीच मुळी २०१० मध्ये. २०१३ मध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंगने त्याला उचललं तेव्हा तो पंचविशीचा होता आणि किंमत होती जेमतेम तीन लाख युरो. या वयात युरोपात पहिलं पाऊल टाकणाऱ्या फॉरवर्डकडून कोणी फार अपेक्षा ठेवत नाही.

आणि खरं सांगायचं तर बघायलाही तो देखणा खेळाडू नव्हता. पहिला टच असा की चेंडू दोन हात लांब. ड्रिबलिंगच्या भानगडीत तो पडायचाच नाही. पण डीमध्ये क्रॉस, म्हणजे बाजूने उंच टाकलेला चेंडू, आला की हा माणूस बचावपटूच्या पाठीमागे लपून शेवटच्या क्षणी पुढे घुसायचा आणि कपाळ मधोमध लावायचा. शिवाय चेंडू समोरच्यांकडे असला की त्यांच्या बॅकच्या मागे कुत्र्यासारखा लागायचा. मी स्वतः गल्लीच्या संघात नऊ नंबर खेळलोय, टच माझाही असाच होता, त्यामुळे थोडा पक्षपात धरून चाला.

मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते २७ जून २०१४ च्या पहाटे, आपल्या घड्याळात दीड वाजता, आवाज बंद करून, कारण घरचे झोपलेले. कुरितिबा शहरात अल्जेरिया विरुद्ध रशिया. सहाव्याच मिनिटाला कोकोरिनने रशियाला पुढे नेलेलं. अल्जेरियाला बाद फेरीसाठी बरोबरी पुरेशी होती, पण या देशाने तोवर एकदाही बाद फेरी पाहिली नव्हती आणि २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये तर तीन सामन्यांत एक गोल करता आला नव्हता. साठाव्या मिनिटाला डाव्या बाजूने ब्राहिमीची फ्री किक आली. गोलकीपर अकिनफेयेव पुढे आला आणि चुकला, स्लिमानीने मागच्या पोस्टजवळ डोकं लावलं आणि हवी ती बरोबरी मिळाली. प्रेक्षकांतून अकिनफेयेवच्या चेहऱ्यावर हिरवा लेझर मारला जात होता, रशियाचा प्रशिक्षक कापेलोने नंतर त्यावरून बराच त्रागा केला आणि फिफाने अल्जेरियाला दंडही ठोकला. त्याआधी कोरियाविरुद्धच्या ४-२ मध्येही पहिला गोल त्याचाच.

आता स्पोर्टिंग. २०१५-१६ च्या मोसमात त्याने पोर्तुगीज लीगमध्ये २७ गोल केले. स्पोर्टिंगला ८६ गुण मिळाले आणि तरी विजेतेपद गेलं, बेनफिकाचे ८८ झाले. पोर्तो या दुसऱ्या पोर्तुगीज क्लबवर तर त्याचा खास राग, त्यांच्याविरुद्ध हमखास गोल. ऑगस्ट २०१६ च्या शेवटच्या दिवशी लीस्टरने त्याच्यासाठी साधारण तीन कोटी युरो मोजले. तीन लाखांचे तीन कोटी, तीन वर्षांत. तेव्हा तो अठ्ठावीस पूर्ण केलेला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. लीस्टर नुकतंच इंग्लंडचं चॅम्पियन झालं होतं, चॅम्पियन्स लीग खेळायची होती, हातात पैसा होता. पण संघाचा खेळ त्यांचा स्ट्रायकर व्हार्डी याच्यासाठी बेतलेला. मागे उभं राहायचं, चेंडू हिसकावायचा, व्हार्डीच्या पुढे मोकळ्या जागेत टाकायचा. यात क्रॉसची वाट बघणाऱ्या उंच माणसाला काम कुठलं? सुरुवात तरी झकास झाली: बर्नलीविरुद्ध दोन गोल, मग चॅम्पियन्स लीगच्या घरच्या पहिल्याच सामन्यात महरेझच्या क्रॉसवर हेडर, १-०, आणि समोर कोण, तर पोर्तोच. पण फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रशिक्षक रानिएरीला काढलं, पुढचे प्रशिक्षक व्हार्डीच्या जोडीला ओकाझाकीला पसंती देऊ लागले, उन्हाळ्यात इहिआनाचोही आला. स्लिमानी बेंचवर.

एवढ्या किमतीचा, एवढ्या पगाराचा, तिशीला टेकलेला खेळाडू विकत कोण घेणार? करार पाच वर्षांचा. क्लबला तोटा मान्य करून स्वस्तात द्यायचं नसतं आणि पगार सोडून कमी पैशात जायला खेळाडूही तयार नसतो. मग उरतो लोनचा मार्ग, म्हणजे खेळाडू दुसऱ्या क्लबला उसना द्यायचा आणि पगाराचा भार वाटून घ्यायचा. म्हणून न्यूकॅसल, म्हणून इस्तंबूलचं फेनरबाचे, म्हणून मोनाको. न्यूकॅसलला तो दुखापत घेऊनच पोहोचला, चार सामने खेळला, एकही गोल नाही. वर वेस्ट ब्रॉमच्या डॉसनला लाथ मारून तीन सामन्यांची बंदी ओढवून घेतली, ती चूक सर्वस्वी त्याची. इस्तंबूलमध्येही लीगमधली कामगिरी कोरडीच. आणि मग मोनाकोत बेन येडेरच्या जोडीला उभा केल्यावर लीगच्या १८ सामन्यांत ९ गोल! माणूस तोच. फरक एवढाच की इथे बाजूने क्रॉस येत होते आणि जोडीदार चेंडूसाठी जवळ होता. तो मोसम कोविडमुळे अर्धवट थांबला, नाहीतर गोष्ट कदाचित वेगळी झाली असती.

२०२१ पासूनच्या भटकंतीचं कारण वेगळं, ते म्हणजे वय. लियाँ, परत स्पोर्टिंग (तिथे प्रशिक्षक अमोरिमशी पटलं नाही), ब्रेस्त, आंदरलेख्त, मेखेलेन, वेस्टरलो. तेहतीस-चौतिशीच्या स्ट्रायकरला सहा महिन्यांचे, वर्षाचे करार मिळतात, जास्त कोणी देत नाही. मधेच २०२३ मध्ये तो ब्राझीलच्या कोरितिबा क्लबकडे गेला. हा क्लब कुरितिबा शहरातला, म्हणजे रशियाविरुद्ध गोल मारला त्याच गावातला. तिथे मात्र काही जमलं नाही आणि क्लब त्या वर्षी खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला. २०२५ च्या सुरुवातीला गडी परत बेलुइझदादमध्ये.

या सगळ्या धावपळीत एक जागा मात्र कायम राहिली, देशाची. तासफाउतचा गोलांचा विक्रम त्याने २०२१ मध्ये मोडला आणि तो अल्जेरियाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला, चाळीसच्या पुढे गेला. त्यात जिबूतीसारख्या दुबळ्या संघाविरुद्धचे एकाच सामन्यातले चार गोल आहेत, हेही सांगायला हवं. पण मार्च २०२२ मध्ये वर्ल्ड कप पात्रतेच्या लढतीत दुआलात कॅमेरूनविरुद्धचा विजयी हेडरही त्याचाच. चार दिवसांनी ब्लिदाला परतीच्या सामन्यात जादा वेळेच्या अगदी शेवटच्या मिनिटाला टोको एकांबीने गोल केला आणि वर्ल्ड कप हुकला. अल्जेरियन लोक अजून त्या रेफरीचं नाव काढतात.

तुम्हाला त्याला एकदाच बघायचं असेल तर लीस्टरच्या क्लिप नका बघू. २०१५ च्या पोर्तुगीज कपचा फायनल शोधा, स्पोर्टिंग विरुद्ध ब्रागा. स्पोर्टिंग दहा जणांवर आलेलं, ०-२ ने मागे. ८४ व्या मिनिटापासून बघायला सुरुवात केली तरी चालेल, पहिला गोल तोच मारतो. पुढे पेनल्टीपर्यंत काय होतं ते मी सांगत नाही.