वर्षाचे 24 हजार आत्ताच भरू नका

ताई, तुम्ही कराडहून लिहिलंय की आरी वर्कचे (सुईने करायच्या भरतकामाचे) रेकॉर्डेड क्लास आणि डिझाइनच्या पीडीएफ विकून महिन्याला साधारण 18 हजार येतात. आजवर जीपेचा स्क्रीनशॉट बघून एकेकीला व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेत होतात; आता इन्स्टाच्या बायोत दुकानाची लिंक हवी आहे. असं दुकान उभारून देणाऱ्या परदेशी टूलचे वर्षाचे 24 हजार एकदम भरू, की दर विक्रीवर 5 टक्के कापणारं देशी टूल घेऊ, हा तुमचा प्रश्न.

देशी घ्या. कमिशनचा विचार नंतर करू. तुमच्याकडे शिकणाऱ्या बायका यूपीआयने पैसे देतात. परदेशी टूलची वसुली बहुतेक वेळा स्ट्राइप किंवा पेपाल या ऑनलाइन पैसे वसूल करून देणाऱ्या परदेशी कंपन्यांवरून होते. पेपालने भारतातल्या भारतातले व्यवहार 1 एप्रिल 2021 पासून बंद केले, आणि स्ट्राइपने 2024 मध्ये इथली नवी खाती फक्त निमंत्रणावर द्यायला सुरुवात केली. दुकान देखणं दिसेल, पण साताऱ्याची बाई पैसे भरायच्या पायरीवरून परत जाईल.

आता हिशेब. 18 हजारांवर 5 टक्के म्हणजे 900, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 1,062 रुपये. परदेशी टूलचे महिन्याला 2,000 पडतात, विक्री होवो न होवो. गेटवेचा, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे खात्यात आणून देणाऱ्या कंपनीचा खर्च दोन्हीकडे याच्यावर वेगळा द्यावा लागतो. महिन्याची विक्री 34 हजारांच्या पुढे गेली की ठरावीक भाडं स्वस्त पडू लागतं. श्रावणात तुमच्या ऑर्डर निम्म्यावर येतात असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा वर्षभराचं भाडं आधीच डोक्यावर कशाला?

खरं तर आणखी स्वस्त वाट आहे. इन्स्टा 2023 पासून बायोत पाच लिंक देऊ देतं. रेझरपेसारख्या गेटवेचं पेमेंट पेज थेट तिथे लावलंत तर साधारण 2 टक्के आणि त्यावरचा जीएसटी, म्हणजे 425 रुपयांत महिना निघतो. मात्र पीडीएफ पाठवणं, ग्रुपमध्ये घेणं हे हातानेच राहील. रात्री अकरापर्यंत तेच करत बसता ना? मग देशी टूलचे वरचे हजार रुपये मला महाग वाटत नाहीत.

एक गोष्ट कळकळीने सांगते. पॅनवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं, असं असेल तर आधी ते एक करून घ्या. माझ्या एका क्लायंटचे ऐन दिवाळीतले पैसे केवायसीत याच कारणाने तीन आठवडे अडकले होते, आणि तिला मणी-जरीवाल्याची उधारी भागवायची होती.

जीएसटी नोंदणीची काळजी आत्ता नको. सेवांसाठी मर्यादा वर्षाला 20 लाखांची आहे. न्यू जर्सीहून तुमच्याकडे शिकणाऱ्या दोघी-तिघींसाठी पेपाल वेगळं ठेवा, परदेशातून पैसे घ्यायला ते चालतं.

टूल घेण्याआधी एवढं विचारा: पैसे किती दिवसांत खात्यात येतात, आणि गिऱ्हाइकांचे नंबर मला उतरवून घेता येतात का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर ते टूल सोडा.