टेरिटोरियल आर्मीत एका पलटणीतून दुसऱ्या पलटणीत बदली मिळते का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: परराज्यातील टीएच्या, म्हणजे कामधंदा सांभाळून करायच्या टेरिटोरियल आर्मीच्या, पायदळ पलटणीतून नागपूरला, सीताबर्डी किल्ल्यातील 118 पलटणीत, बदली मिळते का, आणि ती मागितल्याने पलटणीत नाव खराब होते का.

बदली मिळते. माझी झाली आहे. दोन्ही पलटणींच्या सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांची लेखी संमती आणि तिकडे तुमच्या हुद्द्याची व ट्रेडची, म्हणजे कामाच्या प्रकाराची, रिकामी जागा, एवढे जमले की कागद वरच्या मुख्यालयाकडे सरकतो. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण त्या प्रश्नाने आमच्या घरात बरीच वर्षे अबोला ठेवला.

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात आमचे नऊ एकर कोरडवाहू वावर आहे. माझी पहिली पलटण घरापासून दोन दिवसांच्या प्रवासावर होती आणि तिचे वार्षिक प्रशिक्षण नेमके कापूस वेचणीच्या दिवसांत येत असे. त्या वर्षी पोळ्यानंतर चौथ्या दिवशी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांची उजवी बाजू गेली, आणि तरीही मी दोन महिन्यांच्या बोलावण्यावर गेलो. वेचणी सुरू करताना वावरात करायची सीतादहीची पूजा माझ्या पत्नीने एकटीने केली. पुढे अवकाळी पाऊस आला, मजूर मिळेनात, आणि मी परतलो तेव्हा पऱ्हाटीवरच्या बोंडांतून पिवळा पडलेला कापूस लोंबत होता. ओसरीवर बाजेवर पडलेल्या वडिलांनी डाव्या हाताने त्यातले एक बोंड उचलून माझ्यापुढे धरले. ते काही बोलू शकत नव्हते.

मी बदलीचा अर्ज करायचे ठरवले, तेव्हा माझे थोरले चुलतभाऊ, जे नियमित सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आहेत, चार लोकांदेखत म्हणाले, “पलटन सोडून पयतं काय बे?” ते वाक्य मला इतके लागले की अर्जात मी वडिलांच्या आजाराचा उल्लेखच केला नाही. “घरगुती कारणास्तव” एवढेच लिहिले. तो अर्ज सात महिने कारकुनाच्या फायलीत पडून राहिला आणि पुढच्या बोलावण्यात मी चौकशी केली तेव्हा तो सापडलासुद्धा नाही. आमच्या कंपनीच्या सुभेदार साहेबांनी मला बसवून विचारले, मी सगळे सांगितले, आणि त्यांनी दुसरा अर्ज माझ्याकडून समोर बसून लिहून घेतला. त्याला जिल्हा रुग्णालयाचे कागद आणि सातबारा जोडला. नव्या पलटणीचे संमतिपत्र मी आधीच स्वतः जाऊन आणले होते. चार महिन्यांत हुकूम आला.

दादांचे म्हणणे मला तेव्हाही मान्य नव्हते आणि आजही नाही. नियमित सैनिकाचे आयुष्य त्याच्या रेजिमेंटमध्ये जाते, हे खरे. परंतु 1948 च्या कायद्याने उभी राहिलेली आणि 9 ऑक्टोबर 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते सुरू झालेली टेरिटोरियल आर्मी ही आपला कामधंदा सांभाळून गणवेश घालणाऱ्या माणसांची सेना आहे. ज्याचे वावर बुडाले, तो माणूस पुढच्या बोलावण्याला कोणत्या मनाने हजर राहील? घराजवळची पलटण मागणारा माणूस सेवा टाळत नसतो, उलट ती पुढेही करता यावी म्हणून धडपडत असतो. बदलीनंतर मी एकही प्रशिक्षण चुकवलेले नाही, आणि पलटण एम्बॉडी झाली, म्हणजे पूर्णवेळ सेवेवर बोलावली गेली, तेव्हा दोन वर्षे सीमेवर राहिलो, हे दादांना ठाऊक आहे.

याची किंमत आहे, तीही ऐकून ठेवा. स्वतःच्या विनंतीवर गेल्यामुळे ज्येष्ठतेच्या यादीत माझे नाव तळाशी गेले आणि माझ्याबरोबर भरती झालेले तिघे माझ्याआधी नायक हुद्द्यावर चढले. शिवाय जवानाला निवृत्तिवेतनासाठी 15 वर्षांची एम्बॉडी सेवा लागते. घरी बसलेला काळ त्यात धरला जात नाही, म्हणून नवी पलटण किती काळ एम्बॉडी राहते याची तिथल्या जुन्या जवानांकडे चौकशी केल्याशिवाय सही करू नका. आणि हे सर्व पायदळ पलटणींपुरतेच आहे. रेल्वेसारख्या विभागीय पलटणीत त्या खात्याचेच कर्मचारी असतात आणि पर्यावरण पलटणी मुख्यतः माजी सैनिकांच्या असतात, तेथे माझा अनुभव उपयोगाचा नाही.

तुम्ही प्रश्नात “वैयक्तिक अडचण” असा शब्द वापरला आहे. अर्जात तो वापरू नका. आई आजारी असेल तर आई आजारी आहे असे लिहा, आजाराचे नाव लिहा, आणि घरी दुसरा कर्ता माणूस नसेल तर तेही लिहा.