दक्षिणेला खाली चमकतो तो अगस्त्य, शुक्र नाही

फेब्रुवारीत रात्री दक्षिणेला खाली दिसणारा ठळक तारा शुक्र आहे का आणि तो बघायला दुर्बीण कोणती घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. शुक्र नाही, अगस्त्य आहे. ह्याच ताऱ्यावरून मी ऐन लग्नघरात भांडलोय, म्हणून लिहायला बसलो.

सांगलीकडे गावी लग्न होतं, रात्री नऊच्या सुमारास सगळे गच्चीवर, आणि थोरल्या भावोजींनी पोरांना बोट दाखवून सांगितलं, तो बघा शुक्र. मी म्हटलं, भावोजी, अगस्त्य आहे तो. झालं! "आम्ही काय शुक्र बघितला नाही का कधी?" अहो पण शुक्र सूर्यापासून 47 अंशांच्या पलीकडे जातच नाही, दिवस मावळल्यावर तो पश्चिमेलाच असणार, नऊ वाजता दक्षिणेला येईल कुठून? वर व्याध हा तारा लखलखत होता, त्याच्या बराच खाली हा, पाण्याच्या टाकीच्या जरा वर, मधूनच लाल मधूनच हिरवा मारत होता. खालच्या जाड हवेतून उजेड येतो ना, त्यामुळे ताऱ्याचे असे रंग फुटतात, शुक्राचा उजेड बऱ्यापैकी स्थिर असतो. पण सासूबाईंनी मलाच गप्प केलं, मोठ्यांना उलटून बोलू नये म्हणे. आणि पोरं शुक्र समजूनच झोपायला गेली, ते मला अजून खुपतं. वयाने मोठा म्हणून आकाशातला तारा बदलत नाही.

आणि काय तारा आहे! व्याधाखालोखाल रात्रीच्या आकाशात सगळ्यात तेजस्वी हाच. व्याध साडेआठ प्रकाशवर्षांवर, हा जवळजवळ 310, तरी एवढा दिसतो, कारण तो सूर्याच्या दहा हजार पटींहून जास्त तेजस्वी राक्षसी तारा आहे. आज दिसतो तो उजेड निघाला तेव्हा बाळाजी विश्वनाथांना पेशवाई मिळून फार दिवस झाले नव्हते. नासाचं मरिनर 4 हे यान 1964 साली मंगळाकडे निघालं ते ह्याच्यावरच नजर धरून.

दुर्बिणीचं म्हणाल तर पैसे घालवू नका, तारा कितीही मोठ्या दुर्बिणीतून ठिपकाच दिसतो. फेब्रुवारीत साडेआठ-नऊला दक्षिणेकडे तोंड करा, हात लांब करून क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवा, दोन मुठींच्या आसपास सापडेल. घरातलं कुणी शुक्र म्हणालं तर ऐकून घेऊ नका, पोरांसमोर तर अजिबात नाही.

हां, दक्षिणेला बिल्डिंग किंवा डोंगर असेल तर अवघड आहे, आणि मे अर्धा सरला की संध्याकाळी शोधू नका, तेव्हा तो सूर्याच्या मागोमाग मावळतो.