झेंडूचा पिवळा टिकवायचा तर आधी कापड तयार करा

पहिल्यांदा झेंडूत कापड रंगवणारे बहुतेक जण थेट फुलं उकळायला घेतात आणि दोन धुण्यांत रंग उडाला म्हणून हिरमुसतात. दोष फुलांचा नसतो. रंग कापडावर धरून ठेवते ती तुरटी, पण सुती धाग्याला ती नीट धरत नाही, तिला मध्ये टॅनिन (हिरड्यासारख्या फळांतलं तुरट द्रव्य) लागतं, म्हणून हिरडा.

१०० ग्रॅम कोऱ्या सुती कापडाचा हिशेब सांगतो. आधी धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा. खळ आणि तेलकटपणा राहिला तर हमखास डाग पडतात. मग २० ग्रॅम हिरडापूड (मंडईच्या बाजूला काष्ठौषधीच्या दुकानांत मिळते) कोमट पाण्यात कालवा, कापड रात्रभर बुडवा. सकाळी पिळून सावलीत वाळवा, पण खळबळू नका, टॅनिन धुऊन जाईल. नंतर २० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात रात्रभर ठेवा आणि हलकेच विसळा.

आता फुलं. दसऱ्यानंतर तोरणांचा झेंडू गोळा करून पाकळ्या सावलीत वाळवा. कापडाइतक्याच वजनाच्या घ्या. पाऊण तास मंद आचेवर ठेवून गाळा, मग त्या पाण्यात कापड तासभर हलवत राहा. खळाखळा उकळलंत तर पिवळा मळकट तपकिरीकडे झुकतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तरीही तेच होतं, त्यामुळे सोसायटीत नळाचं पाणी वेगळं येत असेल तर तेच वापरा.

शेवाळी हिरवा हवा असेल तर शेवटी १ ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) पाण्यात विरघळवून कापड त्यात ठेवा, जेमतेम पाच मिनिटं. जास्त हिराकशीने सूत कुजतं. भांडं स्टीलचंच, आणि स्वयंपाकाचं अजिबात नको.