व्हीपीएनचा निरोप घेण्यापूर्वी

प्रश्न : आमच्या कंपनीत साठ कर्मचारी आहेत. रजा, मालसाठा आणि हिशेब यांची तीन वेब-अ‍ॅप्लिकेशने कार्यालयातील सर्व्हरवर आहेत आणि घरून काम करणारे व्हीपीएनद्वारे (कार्यालयाच्या नेटवर्कशी दुरून जोडणाऱ्या सुरक्षित मार्गाने) ती वापरतात. नोकरी सोडून गेलेल्या एकाचे व्हीपीएन खाते चार महिने चालू होते, असे नुकतेच आढळले. आता ‘झीरो ट्रस्ट’, म्हणजे नेटवर्कच्या आत असलेल्यावरही आपोआप विश्वास न ठेवण्याची पद्धत आणण्याचा विचार आहे. सुरुवात कोठून करावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कर्मचाऱ्यांच्या यादीपासून. तसे विसरलेले खाते नव्या पद्धतीतही चालूच राहील. म्हणून प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनची वेगळी खाती मोडून सर्वांचे लॉगिन एकाच ओळख-व्यवस्थेकडे आणावे आणि राजीनाम्याच्या कागदपत्रांतच खाते बंद करण्याची नोंद ठेवावी.

व्हीपीएनमधून आत आलेल्याला बहुधा गरजेपेक्षा जास्त नेटवर्क खुले होते. गूगलने २००९ मधील सायबर हल्ल्यानंतर कार्यालयीन नेटवर्कवरचा हा आंधळा विश्वास सोडला आणि ‘बियाँडकॉर्प’ ही रचना उभारली. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०२० मध्ये ८००-२०७ या दस्तऐवजात हेच तत्त्व मांडले : प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनसाठी व्यक्ती आणि तिचे यंत्र, दोन्ही तपासूनच प्रवेश द्यावा.

ही तपासणी अ‍ॅप्लिकेशनसमोर बसवलेला प्रॉक्सी, म्हणजे प्रत्येक विनंती आधी स्वतःकडे घेणारा मधला सर्व्हर करतो. अनेक सेवांमध्ये सर्व्हरवरील कनेक्टर हा छोटा प्रोग्राम आतून बाहेर प्रॉक्सीकडे जोडणी करतो, त्यामुळे राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे दार, उघडावे लागत नाही. मात्र प्रॉक्सी बसवूनही सर्व्हरचा जुना थेट पत्ता चालू राहिला, तर सारा खटाटोप वाया जातो, आणि नेमके हेच पुष्कळ ठिकाणी राहून जाते. थेट मार्ग फायरवॉलने बंद करावा, शिवाय प्रॉक्सीकडून येणाऱ्या टोकनची (ओळख पटल्याच्या डिजिटल दाखल्याची) सही अ‍ॅप्लिकेशनने स्वतः पडताळावी; केवळ विनंतीच्या शीर्षकात (हेडरमध्ये) लिहिलेले नाव वाचून कोणाला आत घेऊ नये.

एसएमएसने आलेला ओटीपी बनावट पानावर सहज काढून घेता येतो. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली, मूळ संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते, म्हणून निदान हिशेबासाठी तरी तीच सक्तीची करावी.

पहिला प्रयोग रजेच्या अ‍ॅप्लिकेशनवर करावा. ते तासभर अडले तरी पगार थांबत नाहीत. हिशेबाचे शेवटी हलवावे आणि तोवर व्हीपीएन राहू द्यावे. ओळख-व्यवस्थाच बंद पडली तर तुम्हीही बाहेर राहाल, म्हणून तिच्यावर अवलंबून नसलेले एक आपत्कालीन प्रशासक खाते तयार करून त्याची किल्ली तिजोरीत ठेवावी आणि ते वापरले जाताच दोघांना सूचना जाईल, अशी सोय करावी.