आईला मेडिकेअर (अमेरिकेतला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) आणि मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) दोन्ही आहे. पेनसिल्व्हेनियाच्या ‘कम्युनिटी हेल्थचॉइसेस’मध्ये गेल्यावर तिचे डॉक्टर बदलतील का?
नाही, डॉक्टर बदलणार नाहीत, कारण त्यांचा खर्च पूर्वीप्रमाणेच आधी मेडिकेअर उचलते आणि मेडिकेअरचे डॉक्टर नव्या प्लॅनच्या यादीत असण्याची अट नाही. २०१८ साली राज्याच्या नैर्ऋत्य भागात सुरू होऊन २०२० मध्ये राज्यभर लागू झालेला हा कार्यक्रम मेडिकेडच्या वाट्याचा कारभार, म्हणजे घरची मदतनीस, नर्सिंग होम वगैरे, हेल्थ प्लॅनकडे, म्हणजे तो चालवणाऱ्या विमा कंपनीकडे सोपवतो. जपायचे ते इथेच: रोज सकाळी आईंना हाताला धरून अंघोळीला नेणारी बाई ज्या एजन्सीकडून येते, ती एजन्सी तुम्ही निवडलेल्या प्लॅनच्या यादीत नसेल, तर मदतनीस मात्र बदलू शकते. त्यामुळे निवड करण्यापूर्वी एजन्सीलाच फोन करून विचारून घ्यावे. प्लॅन नंतरही बदलता येतो.